मथळ्यापुढचं ‘तपासलं’

(लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे अडकली आहे. आत बाप आणि लेक. मेकॅनिक सगळ्यात वरच्या मजल्यावर, लिफ्टच्या यंत्रापाशी. त्याचा आवाज भिंतीतल्या जाळीतून येतो.)

मेकॅनिक : ...तर या चार पायऱ्या झाल्या. आता पाचवी वाचतो, मॅडम. ‘ब्रेकचा लिव्हर पूर्ण दाबा आणि काम संपेपर्यंत दाबलेलाच ठेवा.’ सहावी. ‘दुसऱ्याने चाक हळूहळू...’

बाबा : थांबा, थांबा. काय ठेवा म्हणालात?

मेकॅनिक : दाबलेला. लिव्हर.

बाबा : आणि चौथीत काय होतं? पुन्हा वाचा बघू.

मेकॅनिक : ‘लिव्हर किंचित दाबून लगेच सोडा. लिफ्ट वीतभर सरकली की थांबा. मग पुन्हा.’

बाबा : चौथीत लगेच सोडा, पाचवीत सोडूच नका. तुम्हाला काही खटकत नाही?

मेकॅनिक : आधी थोडं थोडं, मग पूर्ण. कुठलंही यंत्र असंच चालवतात की, साहेब.

मुलगी : बाबा, वाद नका ना घालू. त्यांना काय दाबायचं ते दाबू दे. मला बाहेर पडायचंय.

बाबा : पडू की बाहेर. छपरातून.

मुलगी : म्हणजे?

बाबा : अगं, आत आपण दोघंच. पलीकडे दोरांना जे वजन टांगलंय ते आपल्यापेक्षा जड आहे. हे नवं यंत्र, बिनगिअरचं. ब्रेक सुटला की त्याला धरून ठेवणारं दुसरं काही नसतं. लिव्हर दाबून ठेवला तर लिफ्ट सुसाट वर जाईल. वेग वाढला की पकड बसते म्हणतात, पण ती बसेपर्यंत आत बसणाऱ्याचं काय होतं ते बघायला मी तरी थांबणार नाही.

मुलगी : पण ते तर पुस्तकात बघून वाचतायत.

बाबा : तेच तर. त्या पाचव्या ओळीतलं यंत्र हे नाही. ते गिअरवालं, जुनं. त्याला बाहेर चाक असतं, हाताने फिरवायचं. अहो, वरचे साहेब, तुमच्या समोर चाक आहे का?

मेकॅनिक : दिसत नाही. आतल्या बाजूला असेल.

बाबा : कशाच्या आतल्या बाजूला?

मेकॅनिक : ते सापडेल. साहेब, मी स्पष्टच सांगतो. नऊ वर्षं सरकते जिने सांभाळले, लिफ्टवर आज पंधरावा दिवस. इथला नेहमीचा माणूस रजेवर, त्याचे सासरे दवाखान्यात आहेत. म्हणून मी मनाने एक स्क्रूही फिरवत नाही. फोनवर आमचं पुस्तक उघडलंय. लिहिलंय तसं करायचं.

बाबा : चांगली गोष्ट आहे. पण आज जे लिहिलंय ते चुकलंय.

मेकॅनिक : तुम्हाला कसं कळलं?

बाबा : कारण ते पुस्तक मी लिहिलंय.

मेकॅनिक : बरं.

बाबा : बरं काय? एकतीस वर्षं याच कंपनीत होतो. उस्ताद म्हणायचे मला. पहिल्या पानावर असेल.

मेकॅनिक : उस्तादांचं नाव ऐकलंय, साहेब. पण अडकलेला माणूस काहीही सांगतो. मागे सरकत्या जिन्यात पदर अडकलेल्या एक बाई मंत्र्यांच्या वहिनी होत्या. आणि तिसरा नियम बघा, ठळक अक्षरात आहे. ‘आत अडकलेल्याच्या सांगण्यावरून ब्रेकला हात लावू नये, मग तो कुणीही असो.’

बाबा : ‘कुणीही असो’ हे मी मागाहून घातलं. एका डॉक्टरने आतून हुकूम सोडले होते तेव्हा.

मेकॅनिक : छान घातलंत. मग मी तुमचं ऐकत नाही.

बाबा : शाब्बास म्हणू की डोक्यावर हात मारून घेऊ, कळत नाही.

मुलगी : बाबा, आपण वाट बघू. दुसरा कुणीतरी जाणकार येईल.

मेकॅनिक : फोन केलाय, मॅडम. सव्वा तास लागेल. पण पाचवा नियम असा की अर्ध्या तासाच्या वर माणूस आत ठेवायचा नाही. एकवीस मिनिटं झाली. मी सगळं एकदा शेवटपर्यंत वाचतो आणि कामाला लागतो.

मुलगी : पाचवा नियम पण तुमचाच?

बाबा : माझाच. एकेक नियम घालताना किती बरं वाटायचं.

मुलगी : सव्वा तास. बाबा, मला नाही जमणार. पंखा बंद आहे. भिंती... मी कधीच लिफ्टने येत नाही, तुम्हाला माहितीये. सहा मजले रोज पायी चढते. आज तुमच्या गुडघ्यांसाठी म्हणून...

बाबा : माहितीये. खाली बस. पाठ टेक. बोलत राहा माझ्याशी.

मुलगी : काय बोलू?

बाबा : मी तुझ्या ऑफिसात कशाला आलो होतो ते तरी विचार.

मुलगी : मला वाटलं सहज. जेवायला घेऊन जाणार असाल.

बाबा : दाखवायला आलो होतो. तुझ्या स्क्रीनवर, बोट ठेवून. त्या पानावरचा मथळा गेलाय ते.

मुलगी : कुठल्या पानावरचा?

बाबा : याच. तो वर जे वाचतोय त्या पानावर दोन यंत्रं होती. आधी बिनगिअरचं, त्याच्या चार पायऱ्या. मग मथळा, ‘गिअरचं यंत्र, चाकवालं’. मग त्याच्या चार पायऱ्या. मधला मथळा गेला. आता आठही पायऱ्या एका माळेत.

मुलगी : पण मग आकडे पुन्हा एकपासून...

बाबा : आकडे मी घालतच नाही. कंपनीने पुस्तक ज्यावर चढवलंय ते तुमचं सॉफ्टवेअर घालतं. मधला मथळा गेला, दोन्ही याद्या चिकटल्या, सॉफ्टवेअरने पाच, सहा, सात, आठ करून टाकलं. वाचणाऱ्याला सांधा दिसायला नको इतकं सफाईदार.

मुलगी : हेडिंग असं आपोआप जात नाही, बाबा. ते कन्व्हर्टर मी लिहिलंय.

बाबा : म्हणून तर तुझ्याकडे आलो. ते काम कसं करतं, सांग. मला समजेल असं. श्वास घे आणि सांग.

मुलगी : तुम्ही लिहिता तेव्हा दोन बरोबरच्या खुणा, मग नाव, मग परत दोन बरोबरच्या खुणा. हो ना?

बाबा : हो. बासष्टाव्या वर्षी शिकलो ते. कीबोर्डवर बरोबरची खूण सापडायला एक अख्खी दुपार गेली होती.

मुलगी : ती ओळ माझा प्रोग्रॅम उचलतो आणि तिचं एचटीएमएल करतो. ब्राउझरला कळणारी भाषा. दोन खुणा असतील तर मोठं हेडिंग, तीन असतील तर त्याच्या पोटातलं. मग ते पानावर ठळक दिसतं. आणि ज्यांना खुणा येत नाहीत त्यांच्यासाठी सोपा एडिटर आहे. ते एचटीएमएलमध्येच बदल करतात आणि सेव्ह केलं की प्रोग्रॅम उलटा चालतो. एचटीएमएलमधून परत खुणा.

बाबा : म्हणजे जाणं आणि येणं.

मुलगी : हो.

बाबा : लिफ्टच की मग. वर गेलेला माणूस खाली येताना तोच उतरला पाहिजे.

मुलगी : तोच उतरतो. हजार पानांवर तपासून पाहिलंय मी. फक्त हेडिंग नीट लिहिलेलं हवं. शेवटच्या खुणेनंतर ओळीत दुसरं काही नको. काही असलं तर ते हेडिंग धरलं जात नाही, साधी ओळ...

बाबा : का थांबलीस?

मुलगी : बाबा, तुम्ही शेवटच्या खुणेनंतर काही लिहिता का?

बाबा : लिहितो की. ‘तपासलं’.

मुलगी : काय?

बाबा : ‘तपासलं’. जुन्या वहीतही मथळ्यापुढे लिहायचो. ज्या यंत्रावर स्वतः माणूस सोडवलाय त्याच मथळ्यापुढे. जे नुसतं कंपनीच्या चोपड्यात वाचून उतरवलं, तिथे नाही. चाकवाल्या यंत्रातून मी बेचाळीस जणांना काढलंय, तिथे ‘तपासलं’. हे बिनगिअरचं मी निवृत्त होता होता आलं. हात लावायची वेळ आली नाही, म्हणून तिथला मथळा नुसता.

मेकॅनिक : मॅडम, आठवी वाचून झाली. एकदा उजळणी करतो आणि लिव्हरला हात घालतो.

मुलगी : नको! थांबा! प्लीज, दोन मिनिटं. हात नका लावू.

मेकॅनिक : सव्वीस मिनिटं झालीत, मॅडम.

बाबा : तिसाला अजून चार आहेत. नियम अर्ध्या तासाचा आहे, सव्वीस मिनिटांचा नाही.

मेकॅनिक : हे मात्र बरोबर. थांबतो.

बाबा : बोल. चेहरा का असा झालाय?

मुलगी : मीच केलं हे.

बाबा : काय केलंस?

मुलगी : एक तक्रार आली होती. सहा महिने झाले असतील. ‘मथळा मथळ्यासारखा दिसत नाही, खुणा तशाच उघड्या दिसतात.’ मी पाहिलं तर कितीतरी पानांवर असलं. बरोबर बरोबर, नाव, बरोबर बरोबर, आणि पुढे काहीतरी शब्द. मला वाटलं, कुणीतरी अर्धवट टाइप करून सोडून दिलंय. पान गबाळं दिसत होतं. मी एक नियम घातला. उलटं रूपांतर करताना अशी अर्धवट ओळ दिसली की टाकून द्यायची. एका ओळीचा नियम, बाबा. त्या दिवशी माझं कौतुक झालं होतं मीटिंगमध्ये.

बाबा : म्हणजे कुणी पानावर काही बदललं आणि सेव्ह केलं...

मुलगी : की ती ओळ गेली. बदल दुसरीकडेच केला असेल तरी. या पानावर कुणी काय बदललं?

बाबा : कंपनीचा फोन नंबर. गेल्या बुधवारी. ऑफिसातल्या बाईंनी.

मुलगी : म्हणजे जिथे जिथे तुम्ही ‘तपासलं’ लिहिलंय...

बाबा : तिथला मथळा जाणार. ज्याला मी हात लावला नाही, तो राहणार.

मुलगी : तुम्ही हाताने तपासलेलं तेवढं वेचून काढून टाकलं मी. ती तक्रार तुमची होती?

बाबा : ती पहिली. मग दुसरी केली, ‘मथळाच गेला.’ उत्तर आलं, ‘कृपया नोंद घ्यावी, वापरणाऱ्याची चूक. तक्रार बंद.’ तिसरी परवा केली. त्यालाही तेच.

मुलगी : तक्रारीवर नाव दिसत नाही, नुसता नंबर येतो. मला माहीत नव्हतं.

बाबा : मला माहीत होतं. उत्तराखाली तुझ्या नावातलं पहिलं अक्षर होतं. आणि तो ‘कृपया’. तू लहानपणीही आईला चिडून बोलायची असलीस की आधी ‘कृपया’ म्हणायचीस.

मुलगी : मग घरी का नाही सांगितलंत? रोज एका टेबलावर जेवतो आपण! भाजीत मीठ कमी आहे ते सांगता, हे नाही सांगवलं?

बाबा : घरी सांगितलं असतं तर तू बापाचं म्हणून ऐकलं असतंस. हसून, ‘बघते हं बाबा’ म्हणून. माझं मिस्त्री म्हणून ऐकलं जायला हवं होतं. एकतीस वर्षांचं काम आहे ते. त्याला मुलीच्या मायेची शिफारस कशाला हवी?

मुलगी : आणि आज?

बाबा : आज म्हटलं, गेला मिस्त्री खड्ड्यात. कुणाच्या तरी जिवावर बेतायच्या आत बाप म्हणूनच जाऊ. तर बेतलं आपल्याच.

मेकॅनिक : साहेब, मॅडम, अठ्ठावीस.

मुलगी : ऐका, तुम्ही आमचं ऐकू नका. बाबांचं नको, माझंही नको. पुस्तकाचंच ऐका. पण बुधवारच्या आधीच्या पुस्तकाचं. प्रत्येक पानाची जुनी प्रत जपलेली असते. ती उघडून स्वतःच्या डोळ्यांनी बघा. यात ब्रेकला हात लावायचा नाहीये, म्हणजे नियम मोडत नाही.

मेकॅनिक : नाही मोडत. कुठे असते प्रत?

मुलगी : पानाच्या वर ‘इतिहास’ असं बटण... नाही. फोनवर नाही. अरे देवा.

बाबा : का नाही फोनवर?

मुलगी : मीच काढलं. छोट्या स्क्रीनवर गर्दी होते म्हणून.

बाबा : तुझं घर आवरणंही असंच असतं गं.

मुलगी : पानाच्या अगदी तळाशी जा. एकदम शेवटी. बारीक अक्षरात ‘संपूर्ण पान’ असं दिसेल.

मेकॅनिक : जातोय. अजून जातोय. केवढं लिहिलंय उस्तादांनी.

बाबा : वाचणारा मिळतोय पहिल्यांदाच.

मेकॅनिक : सापडलं. दाबलं. फिरतंय गोल गोल.

मुलगी : बाबा, माझा हात धरा.

बाबा : धरलाय की मघापासून.

मेकॅनिक : आलं. वर ‘इतिहास’ आहे. दाबलं. तारखांची यादी आली.

मुलगी : गेल्या बुधवारच्या आधीची कुठलीही तारीख.

मेकॅनिक : त्याच्या आधीचा सोमवार आहे. दाबतो. उघडलं. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. तेच आहे सगळं.

मुलगी : चौथीच्या खाली?

मेकॅनिक : चौथीच्या खाली...

मुलगी : काय आहे?

मेकॅनिक : दोन बरोबरच्या खुणा. ‘गिअरचं यंत्र, चाकवालं’. परत दोन खुणा. त्याच्यापुढे ‘तपासलं’. आणि खाली पुन्हा एकपासून आकडे. ‘ब्रेकचा लिव्हर पूर्ण दाबा आणि काम संपेपर्यंत दाबलेलाच ठेवा.’ अहो, हे तर वेगळंच यंत्र आहे!

बाबा : आहे ना?

मेकॅनिक : माझ्या समोर चाक नाही. म्हणजे हे माझं नाही. माझं चौथीलाच संपलं. आणि मी...

बाबा : तुम्ही काही केलं नाहीत. शेवटपर्यंत वाचलंत, मोठ्याने वाचलंत, आणि ज्याचं ऐकायचं नाही त्याचं ऐकलं नाहीत. तुमच्या जागी माझ्या हाताखालचा कुणी असता तर ‘हो उस्ताद, हो उस्ताद’ करत कधीच काहीतरी दाबून बसला असता.

मेकॅनिक : तुम्ही खरंच ते आहात?

बाबा : ते बाहेर आल्यावर ठरवू.

मेकॅनिक : मेन स्विच बंद केलेला आहे, पुन्हा बघितला. दारं सगळ्या मजल्यांवर लागलेली आहेत, बघून आलोय. आता चौथी. किंचित दाबणार, लगेच सोडणार. लिफ्ट हलेल, घाबरू नका. उस्ताद... म्हणजे साहेब, हे तुम्हाला विचारून करत नाहीये हं. लिहिलंय म्हणून करतोय.

बाबा : कळलं. करा.

मुलगी : बाबा, हलली!

बाबा : वर चाललीये, म्हटलं होतं ना? वीतभर. थांबली. चांगला हात आहे त्याचा.

मेकॅनिक : पुन्हा.

मुलगी : बाबा, मी वर गेले की पहिल्यांदा तो नियम काढून टाकते. आज संध्याकाळच्या आत. ओळ अर्धवट वाटली तरी टाकायची नाही, जशी आली तशी परत लिहायची.

बाबा : आणि माझ्या शब्दाचं काय? शेवटच्या खुणेनंतर काही चालत नाही म्हणालीस. त्याला जागाच नाही मग.

मुलगी : जागा मी करते. मथळाही मथळ्यासारखा दिसेल आणि पुढे तुमचा शब्दही राहील. जाताना आणि येताना, दोन्हीकडे.

बाबा : मिस्त्रीसाठी करतेयस की बापासाठी?

मुलगी : मिस्त्रीसाठी. त्यांच्या दोन तक्रारी मी चुकीने बंद केल्यात. बापासाठी रात्री वरणात मीठ जास्त घालीन.

मेकॅनिक : पुन्हा. आता दोन विती राहिल्यात. दाराच्या फटीतून उजेड दिसतोय का?

मुलगी : दिसतोय. बाबा, उजेड आला.

बाबा : उठू नकोस अजून. दार उघडेपर्यंत बसूनच राहायचं. ते पण लिहिलंय.

मेकॅनिक : शेवटचं. सोडला. पातळीत आली. मी पाचव्यावर खाली येतो, चावीने दार उघडतो. एकतीस मिनिटं झाली, एक मिनिट जास्त.

बाबा : ते मी माफ केलं.

मेकॅनिक : आणि साहेब, तुम्ही उस्ताद असाल तर एक विचारू? ते बिनगिअरच्या मथळ्यापुढे काही लिहिलेलं नाही. नुसता आहे.

बाबा : नुसताच ठेवला होता. चोपड्यातून उतरवलेलं होतं ना.

मुलगी : आता लिहू, बाबा? मी जागा करणारच आहे. काय लिहू पुढे?

बाबा : लिही, ‘तपासलं’. आणि त्याच्यापुढे, ‘आतून’.